बाळाचा खुबा: घरात काय विचारायचं, पाय कसे मोकळे ठेवायचे आणि दीड महिन्याला काय मागायचं

डोहाळजेवणाला घरातल्या सगळ्या बाया एकत्र येतात. त्या दिवशी, ताटं उचलल्यावर, एक प्रश्न विचारून घ्या: "आपल्याकडे लहानपणापासून लंगडत चालणारं कोण होतं?" माहेरच्यांना विचारा, सासरच्यांनाही विचारा. थोरल्या आत्या, चुलत सासू, आईच्या मामी यांना ज्या गोष्टी आठवतात, त्या दवाखान्याच्या कुठल्याही फायलीत सापडत नाहीत.

मी नागपुरात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. खुबा निखळलेल्या मुली माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणी चालायला लागल्यावर आलेल्या असतात. मी घरातल्यांना खोदून विचारते, तेव्हा कितीतरी वेळा आजी म्हणते, "हो बाई, हिची आत्याही अशीच डुलत चालायची." ही माहिती घरात होतीच, बाळ जन्मलं तेव्हा ती कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही. म्हणून हे लिहिते आहे. डॉक्टर तपासतील, पण काय शोधायचं याची निम्मी माहिती तुम्ही सोबत न्यायची आहे.

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकलो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो. काही बाळांची उखळी उथळ असते, काहींचे सांध्याचे बंध सैल असतात, काहींचा गोळा उखळीतून निसटतो किंवा पूर्ण बाहेर असतो. या सगळ्याला मिळून डॉक्टर 'डीडीएच' म्हणतात. पूर्ण निखळलेला खुबा हजार बाळांत साधारण एक-दोघांचा असतो. नुसता सैल किंवा उथळ त्याहून बऱ्याच जणांचा. बाळाला दुखत नाही. ते दूध पितं, हसतं, पालथं पडतं, पुष्कळदा चालायलाही जवळपास वेळेवर लागतं. म्हणून वाट पाहून हे कळत नाही, मुद्दाम शोधावं लागतं.

घरात विचारायचं कसं

"आपल्याकडे डीडीएच कुणाला होता?" असं विचारलंत तर सगळे नाही म्हणतील. मागच्या पिढीत निदानच झालेलं नसतं आणि लंगडण्याला दुसरीच कारणं चिकटलेली असतात. पोलिओ झाला होता. लहानपणी ओट्यावरून पडली. ताप आला होता, तेव्हा सुई चुकीच्या जागी लागली. कुणाची नजर लागली. आमच्या यवतमाळकडच्या गावात माझ्या ताईला सगळे "पोलिओवाली" म्हणत. पोलिओत पायाची ताकद जाते, पाय बारीक आणि लुळा पडतो. ताई विहिरीचं पाणी दोन हंडे भरून आणायची. तिचा डावा पाय फक्त आखूड होता. गोळा उखळीच्या बाहेर आहे हे एक्स-रेत दिसलं, तेव्हा ती शाळेत जायला लागलेली होती. पुढे ऑपरेशन झालं तरी सांधा झिजत गेला आणि चाळिशी उलटली तेव्हा कृत्रिम खुबा बसवावा लागला.

म्हणून प्रश्न असे विचारा. जन्मापासून एक पाय आखूड कुणाचा होता? डुलत किंवा लंगडत कोण चालायचं, आणि ते दुखण्याशिवाय होतं का? लहानपणी कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर कुणाला घातलं होतं? खुबा बदलण्याचं ऑपरेशन पन्नाशीच्या आत कुणाचं झालं? म्हातारपणी पडून खुबा मोडणं वेगळं, ते यात धरू नका. तरुणपणी सांधा झिजला असेल, विशेषतः बाईचा, तर त्यामागे लहानपणीचा उथळ खुबा असण्याची शक्यता मोठी असते.

आणखी एक विचारा: घरात पायाळू कोण? हे आपल्याकडे हमखास आठवतं, कारण उसण भरली की लोक पायाळू माणसाला शोधत येतात. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय किंवा ढुंगण खाली असलेलं बाळ. त्या माणसाची लाथ बसून उसण जाते की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला त्या आठवणीचा उपयोग आहे. घरातलं पायाळू माणूस पुढे लंगडत असेल, तर ती माझ्या कागदावरची पहिली नोंद असते.

उत्तरं लिहून ठेवा. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळणारं माता व बाल संरक्षण कार्ड असतं ना, त्याच्या मागे एक चिठ्ठी टाचा: कोण, नातं काय, कुठला पाय, कितव्या वर्षी कळलं. नात्यात लग्न झालेलं असेल, मामाची मुलगी केलेली असेल, तर तेही लिहा.

रक्तातून काय येतं

१९७० साली रुथ विन-डेव्हिस यांनी ब्रिटनमधल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टर आजही पालकांना त्यातलेच आकडे सांगतात. आईबाबांचे खुबे ठीक पण एका मुलाचा खुबा बिघडलेला असेल, तर पुढच्या भावंडाला धोका शंभरात ६. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर शंभरात १२. एक पालक आणि एक भावंड दोघांनाही असेल तर शंभरात ३६.

हे आकडे ऐकून घाबरणाऱ्या आईला मी दुसरी बाजू दाखवते. तुमचा स्वतःचा खुबा बिघडलेला असला तरी शंभरातल्या ८८ बाळांना काही होत नाही. उरलेल्या १२ जणांना वेळेत गाठायचं, एवढ्यासाठी ही चौकशी.

त्याच अभ्यासात दोन गोष्टी वारशाने येताना दिसल्या: उखळीचा उथळपणा आणि सांध्यांचा सैलपणा. दुसरी तुम्ही घरातच पाहू शकता. अंगठा वाकवून मनगटाला टेकवणारी, कोपर उलट्या बाजूला झुकणारी माणसं काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या असतात. एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

मुलींना हा त्रास मुलांपेक्षा चार-पाच पट जास्त होतो. बाळंतपणासाठी आईच्या शरीरात सांधे सैल करणारी संप्रेरकं वाढतात आणि मुलींच्या बंधांवर त्यांचा परिणाम जास्त होत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आमच्या भागात मुलीच्या तपासणीसाठी नागपूरला जायचं म्हटलं की घरात अजूनही "बघू पुढच्या महिन्यात" निघतं. मुलगी असेल तर उलट जास्त घाई करा, हे मी सासऱ्यांनाही बसवून सांगते.

पोटातली जागा

बाळाचं पहिलं पर्यावरण म्हणजे आईचं पोट. तिथे जागा कमी पडली की खुब्यावर ताण येतो. पहिलटकरणीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात, म्हणून पहिल्या बाळात हे जास्त दिसतं. गर्भजल कमी असेल तर बाळाला पाय हलवायला वाव राहत नाही.

सगळ्यात मोठा धोका पायाळू बाळाला. त्यातही ज्याचे गुडघे सरळ आणि पावलं तोंडाजवळ गेलेली असतात, त्याला सर्वांत जास्त. आता अशी बाळं बहुतेक सिझेरियननेच जन्मतात, त्यामुळे घरात एवढंच लक्षात राहतं की "सिझर झालं". का झालं ते विचारा आणि लिहून ठेवा. सिझेरियन झालं म्हणून खुब्याचा धोका पुसला जात नाही, कारण शेवटचे कित्येक आठवडे बाळ तसंच बसलेलं होतं. शेवटच्या महिन्यात बाळ फिरून डोकं खाली आलं असेल तरीही आधीच्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा आणि बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

डावा खुबा जास्त वेळा का बिघडतो, हे मला पालक नेहमी विचारतात. बहुतेक बाळं पोटात अशी असतात की त्यांची डावी बाजू आईच्या मणक्याकडे येते. तो पाय बाजूला उघडायला कमी जागा मिळते. जागेच्याच अडचणीतून मान एका बाजूला कललेली राहते, पावलांचा पुढचा भाग आत वळतो. अशी मान किंवा पावलं दिसली की खुबे मुद्दाम तपासून घ्या.

ग्रहणात विळी धरली, सुईदोरा हातात घेतला, पोटुशी असताना जिना चढली, यातल्या कशानेही खुबा निखळत नाही. ताईची मुलगी झाली तेव्हा तिच्या सासूबाईंनी ग्रहणाचा विषय काढला होता आणि ताई रात्रभर रडली. बाळंतिणीला कुणी असं बोलत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिथल्या तिथे थांबवा. बाळंतिणीने स्वतःची बाजू मांडावी अशी ती वेळ नसते.

जन्मानंतर: दुपटं, मालीश, कडेवर घेणं

वारसा आणि पोटातली जागा आपल्या हातात नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने मात्र पुष्कळ प्रमाणात आपल्या हातात आहेत, आणि आपल्या घरांत सगळ्यात जास्त बदल इथेच हवा आहे.

बाळ जन्मतं तेव्हा त्याचे खुबे आणि गुडघे वाकलेले असतात, पाय फाकलेले असतात. गोळा उखळीत नीट बसण्यासाठी तीच स्थिती योग्य आहे. उखळी अजून कूर्चेची, मऊ असते. गोळा मध्यभागी राहिला की ती त्याच्याभोवती खोल होत जाते. पाय जबरदस्तीने सरळ आणि जुळवून ठेवले तर गोळा काठाकडे ढकलला जातो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा जपानमधला आहे. तिथे बाळाचे पाय सरळ राहतील अशा तऱ्हेने गुंडाळायची पद्धत होती आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण शंभरात एक ते साडेतीनपर्यंत होतं. १९७० च्या दशकात इशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आया, आज्या, सुईणी सगळ्यांना पाय मोकळे ठेवायला शिकवण्याची मोहीम चालवली. प्रमाण हजारात दोनच्या आसपास उतरलं. माणसं तीच, रक्त तेच, फक्त गुंडाळणं बदललं. अमेरिकेतल्या नावाहो लोकांत बाळाला फळीवर पाय सरळ करून बांधत, तिथेही हा त्रास फार होता. आणि मलावीसारख्या देशांत, जिथे आया बाळाला पाठीवर पाय फाकवून बांधतात, तिथे तो अगदी क्वचित दिसतो.

आता आपली पद्धत. बाळाला दुपट्यात गुंडाळताना हात आणि छाती हवी तर घट्ट घ्या, थंडीत बाळाला ते आवडतंही. कमरेखाली मात्र दुपटं ढिलं हवं. पाहायचं असं: गुंडाळून झाल्यावर बाळ आत गुडघे वर घेऊन दोन्ही बाजूंना पाडू शकतं का? बेडकीसारखे पाय आत हलले पाहिजेत. दुपट्याचं खालचं टोक पायांवरून सैल दुमडा, पायांभोवती फिरवून खोचू नका आणि वरून नाडी किंवा पट्टा तर मुळीच बांधू नका. डिसेंबरच्या थंडीत पाय गार पडतील असं वाटलं तर मोजे घाला, वर दुसरं पांघरूण द्या. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं पूर्ण बंद. आणि झोपवायचं नेहमी पाठीवर.

सुती लंगोट चांगला. तिकोनी असो की चौकोनी, ढिला बांधा. एकावर एक दोन-तीन लंगोट बांधले की खुबा बसतो, असं काही जण सांगतात. तो उपचार नाही आणि त्यात महत्त्वाचे आठवडे वाया जातात.

साडीच्या झोळीत पाय जुळून राहतात. बाळ रडलं, थोडा वेळ झुलवलं, झोपलं की सपाट गादीवर ठेवलं, एवढ्यासाठी ती ठीक आहे. दिवसभर झोळीतच झोपवू नका.

मालीशवर मी जास्त बोलते, कारण सव्वा महिना रोज सकाळी ती होते. तेल लावणं, हलके हात फिरवणं, बाळाशी बोलणं, हे सगळं छान आहे आणि ते राहू द्या. बंद करायचं ते एवढंच: दोन्ही पाय धरून खाली ताणणं, गुडघे दाबून सरळ करणं, पाय आवळून एकमेकांवर चढवणं आणि पायाला धरून बाळाला उलटं लटकवणं. मालीशवाल्या मावशींना हे बाळंतिणीने सांगू नये, तिचं कुणी ऐकत नाही. आजीने सांगावं. आमच्या आईने जे वाक्य वापरलं ते मी सगळ्यांना देते: "मावशी, तुमचा हात चांगला आहे, पण हिच्या घरात खुब्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी पाय ओढायला मनाई केली आहे." मावशींचा मान राहतो आणि पाय वाचतात.

मग आजीची भीती येते. वऱ्हाडात ती अशी येते: "पाय नाई बांधले त लेकरू फेंगडं चालन ना!" त्या आजीला सांगा की सगळ्याच बाळांचे पाय सुरुवातीला धनुकलीसारखे वाकलेले असतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत आपले आप सरळ होतात. बांधल्याने पाय सरळ होत नाहीत. अशा वेळी मी आजीचाच हात धरून बाळाच्या मांडीवर ठेवते आणि ते स्वतःहून गुडघे कसे वर घेतं ते दाखवते. हे पाहिल्यावर पुष्कळ आज्या पुढे स्वतःच दुपटं सैल करतात.

आपली एक पद्धत मात्र खुब्यासाठी उत्तमच: कडेवर घेणं. बाळ मान धरायला लागलं की एक पाय पुढे, एक मागे असं कमरेवर बसवा. बाजारातली बाळ-पिशवी घेणार असाल तर तिचा तळ एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवा. बाळाचे गुडघे ढुंगणाच्या पातळीला किंवा किंचित वर राहिले पाहिजेत; पाय खाली लोंबत असतील तर ती पिशवी घेऊ नका.

घरी काय पाहायचं

डॉक्टर नवजात बाळाची मांडी वाकवून, उघडून एक तपासणी करतात. इटलीतल्या मारिनो ओर्तोलानी यांनी १९३० च्या दशकात आणि इंग्लंडमधल्या टॉमस बार्लो यांनी १९६२ साली सांगितलेल्या या पद्धती आहेत. व्हिडिओ पाहून त्या घरी करू नका. सैल खुब्याला चुकीचा जोर लागतो.

तुम्ही फक्त पाहायचं आहे. लंगोट बदलताना बाळाचे गुडघे वाकवून हळूच बाजूला उघडा, जोर लावू नका. दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का? एक बाजू लवकर अडत असेल, विशेषतः दोन-तीन महिन्यांनंतर, तर ही सगळ्यात विश्वासाची खूण आहे. मग बाळाला कडक सपाट जागेवर पाठीवर ठेवा, दोन्ही पावलं शेजारी शेजारी टेकवा आणि समोरून गुडघे पाहा. एक गुडघा खाली दिसला तर दाखवायला जा. मांडीवरच्या वळ्या कमी-जास्त असणं ही कच्ची खूण आहे. पुष्कळ निरोगी बाळांत त्या सारख्या नसतात. तसंच नुसता बारीक 'कट्‌' आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

दोन्ही खुबे बिघडलेले असतील तर तुलना फसते. दोन्ही मांड्या सारख्याच कमी उघडतात, दोन्ही गुडघे सारखेच दिसतात. अशा मुलींची कंबर चालताना पुढे जाते, चाल डुलते आणि घरात त्याचं कौतुक होतं. या मुली सगळ्यात उशिरा येतात.

६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशींना बाळ आरोग्य केंद्रात जातंच. प्रत्येक वेळी सांगा, "मांड्या उघडून बघता का?" आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, तेव्हा त्यांनाही ती चिठ्ठी दाखवा. एकदा तपासून "ठीक" म्हटलं म्हणजे कायमचं ठीक असं नसतं. काही खुबे पुढच्या महिन्यांत बिघडतात.

दीड महिन्याला काय मागायचं

बाळ पायाळू असेल किंवा आई, वडील, भावंड यांच्यापैकी कुणाचा खुबा बिघडलेला असेल, तर तपासणीत काही आढळो न आढळो, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. सव्वा महिना संपतो, दीड महिन्याची लस असते, त्याच फेरीत हे बसवता येतं. माहेरी बाळंतपण झालं असेल तर सासरी निघायच्या आधीच करून घ्या. प्रवास, बारसं, पाहुणे यांत ती तारीख हरवते.

जन्मल्या जन्मल्या ही सोनोग्राफी का करत नाहीत? बार्लो यांनी पाहिलं होतं की जन्मतः सैल असलेल्या खुब्यांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या आठवड्यातच आपोआप घट्ट होतात आणि दोन महिन्यांत बहुतेक सगळे. फार लवकर पाहिलं तर विनाकारण उपचार होतात. जन्मतःच खुबा निखळलेला लागला असेल तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही, लगेच लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

या वयात एक्स-रेचा फारसा उपयोग नसतो, कारण गोळा अजून कूर्चेचा असतो आणि एक्स-रेत दिसत नाही. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी वाचायची पद्धत बसवली, ती जगभर वापरतात. रिपोर्टमध्ये 'अल्फा' कोन लिहिलेला असतो. ६० अंश किंवा जास्त असेल तर उखळी चांगली. केंद्र निवडताना सरळ विचारा: "तुम्ही बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी नेहमी करता का?" यात सराव लागतो.

पायाळू बाळाचा रिपोर्ट चांगला आला तरी सहा महिन्यांच्या सुमाराला एक एक्स-रे काढावा, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. उष्टावण करताना त्याची आठवण ठेवा.

जिच्या घरात कुणालाच त्रास नाही, जी पायाळू नव्हती, अशा मुलीलाही हे होऊ शकतं. खरं तर बहुतेक मुलींत मुलगी असण्याखेरीज दुसरं कारण सापडत नाही. म्हणून घरची पाहणी सगळ्यांनीच करा.

पट्टा लागला तर

खुबा उथळ किंवा सैल निघाला तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाव्हलिक पट्टा घालतात. अर्नोल्ड पाव्हलिक हे चेक डॉक्टर. त्यांच्या आधी घट्ट साचे वापरत. त्यांनी १९४० च्या दशकात मऊ पट्ट्यांचा असा सदरा केला की बाळ पाय हलवत राहतं आणि त्या हलण्यातूनच गोळा जागेवर बसतो. वेळेत सुरू केला तर बहुतेक बाळांना तेवढ्यावर भागतं.

तो दिवसरात्र अंगावर असतो आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढायचा नसतो. आतून पातळ सुती झबलं घाला, लंगोट पट्ट्यांच्या आतून बांधा, अंग ओल्या फडक्याने पुसा, काखेत आणि गुडघ्यामागे लाली येते का रोज पाहा. बाळ वाढतं, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पट्टे जुळवायला जावंच लागतं. आणि एक खूण कधीही दुर्लक्षू नका: बाळाने गुडघा सरळ करून लाथ मारणं थांबवलं तर त्याच दिवशी फोन करा. मांडीच्या नसेवर दाब आलेला असू शकतो.

माझी भाची पहिलं बाळ, मुलगी, पायाळू आणि आईचा खुबा निखळलेला, अशी सगळी कारणं घेऊन जन्मली. सोनोग्राफीत डावी उखळी उथळ निघाली. तिच्या अंगावर पट्टा पाहून येणारेजाणारे हळहळायचे, तेव्हा ताई शांतपणे म्हणायची, "माझ्या वेळी हा नव्हता." आता ती पोर शाळेच्या खो-खोच्या संघात आहे.

सहा महिने उलटून गेले असतील तर भूल देऊन खुबा बसवणं आणि कमरेपासून प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुतेकदा ऑपरेशन. उशीर झाला तरी जा. पण दर महिन्याला वाट अवघड होते.

मोठ्या मुलांचं थोडक्यात

वर सांगितलेला त्रास दुखत नाही. म्हणून तान्हं बाळ पाय हलवेनासं झालं, लंगोट बदलताना किंचाळलं, अंगात ताप असला, तर तो सांध्यातला पू असू शकतो. त्यात तासांचा प्रश्न असतो. रात्र असली तरी निघा, मालीश करू नका.

चार ते आठ वर्षांचा मुलगा मधूनमधून लंगडत असेल तर पर्थेस नावाचा आजार पाहावा लागतो. त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडतो. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुराशी त्याचा संबंध दिसला आहे, तेव्हा वडिलांनो, बाहेर जाऊनही ओढू नका. दहा ते सोळा वर्षांचं, वजनाने जास्त असलेलं मूल गुडघा दुखतो म्हणत असेल तर खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा. गोळा वाढीच्या रेषेवरून सरकलेला असू शकतो आणि त्यात पुढे चालवणंही धोक्याचं. महिनोन्‌महिने लंगडणं, रात्री दचकून रडणं, वजन उतरणं असेल, तर टीबीची तपासणी.

आमच्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आणखी एक वारसा आहे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या मुलांच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबून तो खचू शकतो, विशेषतः वयात येताना. अशा मुलाचं खुब्याचं दुखणं "नेहमीचंच" म्हणून गोळीवर ढकलू नका, एक्स-रे आणि गरज पडली तर एमआरआय मागा. आणि लग्नाआधी सिकलची रक्ततपासणी दोघांनीही करा. ती सरकारी दवाखान्यात होते.

कुठे जायचं, काय जपायचं

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः निखळलेला खुबा हा तपासायच्या आजारांच्या यादीतच आहे. पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. बाळाला त्या दिवशी नक्की न्या आणि चिठ्ठी दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवणी होते. कुणी "मोठी झाली की सुधारेल" म्हटलं तर लहान मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञांचं मत घ्या, आणि सोबत घरी पाहिलेली खूण नेमक्या शब्दांत सांगा: "डावी मांडी कमी उघडते."

एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद, ऑपरेशनचा सारांश एका पाकिटात ठेवा, वर बाळाचं नाव आणि "खुबा" असं मोठ्या अक्षरात लिहा. दुसरं बाळ राहिलं की ते पाकीट पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायचं, कारण त्या बाळाचीही दीड महिन्याला सोनोग्राफी करायची आहे. मुलगी मोठी होऊन तिचं लग्न ठरलं की पाकीट तिच्या सामानात द्या.